ग्रीनिचचं क्वीन्स हाउस: डच बापलेकांचा समुद्र

लेकाकडे लंडनला आलो की सून मला कुठं ना कुठं फिरवून आणते. या खेपेस ग्रीनिचचं क्वीन्स हाउस, म्हणजे राणीसाठी बांधलेलं जुनं घर, आता चित्रांचं संग्रहालय. मी 31 वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटची बारा सारंग म्हणून. चित्रातल्या समुद्रावर माझा सहजी विश्वास बसत नाही. इथं बसला.

विलेम व्हॅन द वेल्ड हे नाव बापाचंही आणि मुलाचंही, दोघंही समुद्राची आणि जहाजांची चित्रं काढणारे डच चित्रकार. 1672 मध्ये फ्रेंच फौजा हॉलंडात घुसल्या, चित्रं घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात दोघं इंग्लंडला आले. गंमत नव्हती ती. हॉलंड आणि इंग्लंडचं समुद्रावर युद्ध चालू होतं, आणि काही महिन्यांपूर्वी सोलबेच्या लढाईत बाप डच आरमाराबरोबर होता! राजा दुसरा चार्ल्स यानं दोघांना सालीना शंभर-शंभर पौंड बांधून दिले. बापानं लढायांची रेखाटनं करायची, मुलानं त्यांत रंग भरायचे. काम चालायचं याच घरात, तळमजल्यावर. डच चित्रकार बसतात त्या पार्काकडच्या खोलीच्या तीन खिडक्यांना झडपा करण्याची 1675 सालची नोंद आहे. पार्क दक्षिणेला, तेव्हा झडपा ऊन आवरायलाच असाव्यात असं मला वाटतं. त्या बाजूला मी बराच वेळ रेंगाळलो. पोटासाठी परक्या मुलखात गेलेल्या माणसाला पहिली लागते ती काम करायला जागा.

बापाचं चित्र लांबून छापील वाटतं. जवळ जा. पांढऱ्या लेपावर टाकानं आणि शाईनं ओढलेली एकेक रेघ. दोरखंड कुठून निघून कुठं बांधलाय, ते बोटानं दाखवता येतं. हा माणूस लहानशा गलबतात बसून लढाईच्या ऐन गर्दीत कागद काळे करायचा. 1653 च्या स्केव्हेनिंगनच्या लढाईच्या चित्रात त्यानं स्वतःलाही काढलंय, गलबतात बसून रेखाटताना. एवढ्या तोफा धडाडताना हात स्थिर ठेवायचा म्हणजे काय, हे डेकवर उभं राहिलेल्यालाच कळेल.

मुलगा वेगळा. त्याचा वारा पडलेला समुद्र बघा. शिडं लोंबताहेत, सलामीच्या तोफेचा धूर जागचा हलत नाही, पाण्यात डोलकाठीचं प्रतिबिंब जरासं मोडलंय. आमच्या रत्नागिरीला मतलई वारा संपून खारा सुटायच्या मधे असंच पाणी होतं. वादळाच्या चित्रात मी झेंडे, शिडं आणि लाटा ताडून पाहिल्या. सगळं एकाच वाऱ्याला धरून. पुढं टर्नरसारखा नावाजलेला इंग्रज चित्रकारही याला मानायचा, ते उगाच नाही.

प्रवेश फुकट आहे. डीएलआर या लंडनच्या लहान रेल्वेनं कटी सार्क स्टेशनला उतरलात की चालत थोड्या मिनिटांत पोचता. गोल वळणाचा ट्युलिप जिना सगळे बघतातच, पण पायांतली ताकद त्यात घालवू नका. या बापलेकांच्या कामाचा जगातला सगळ्यांत मोठा साठा ग्रीनिचच्याच संग्रहालयांकडे आहे. मात्र कागदावरची रेखाटनं उजेडानं खराब होतात, म्हणून ती थोडी थोडीच मांडतात. जायच्या आधी काय लावलंय ते पाहून जा. चष्मा जवळचाही न्या. माझा घरी राहिला, तेव्हा लेकानं मोबाइलवर चित्र मोठं करून दाखवलं. पुढच्या बुधवारी आम्ही दोघंच पुन्हा जाणार आहोत.