बदलत्या टोकांच्या गोल सुयांचा सेट: दसऱ्यापासून होळीपर्यंत वापरून

आधी निकाल सांगून टाकते. सेट घेण्यासारखा आहे, पण डब्यावर छापलेल्या ‘झटपट विणा’वर जाऊ नका. माझा वेग होता तेवढाच आहे. फायदा झाला तो असा, की आता ओळीच्या मध्यावरही विणकाम टाकून उठता येतं.

ग्वाल्हेरहून डबऱ्याच्या वाटेवर आमची थोडी शेती आहे. थंडीत मोहरी आणि गहू, गोठ्यात दोन म्हशी. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी पहिलं पाणी द्यावंच लागतं, रोपाच्या बुडाशी येणारी मुकुटमुळं तेव्हा फुटत असतात. आणि पाण्याच्या मोटारीची लाइट नेमकी रात्री येते. कधी नीलगायी मोहरीत घुसतात, कधी म्हैस पान्हा चोरते आणि मलाच जाऊन तिला चुचकारावं लागतं. मग विणणं होणार ते तुकड्यातुकड्यांनीच. लांब सरळ सुयांवरचं काम खाटेवर ठेवून पळालं, की परत येईपर्यंत टाके सुटलेले, नाहीतर धाकट्याने सुई उपसून नेलेली.

सेटमध्ये ३ ते ५ मिलिमीटरपर्यंतची बांबूची टोकं, तीन लांबीच्या नायलॉनच्या केबल, पेच आवळायची छोटी किल्ली आणि केबलच्या टोकांना बसणारी बुचं आहेत. केबलच्या दोन्ही बाजूंना बांबूची टोकं पेचाने बसवली की झाली गोल सुई. माझ्या मते सगळे पैसे या बुचांचे. टोकं काढा, दोन्हीकडे बुचं फिरवा, टाके केबलवर जिथल्या तिथे राहतात. मोकळी झालेली टोकं दुसऱ्या केबलला लावून टोपी सुरू करा. स्वेटरची पाठ आठवडाभर कपाटात पडली तरी टाका हलत नाही.

सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, ही सुई आहे की टेलिफोनची वायर?” आता तेच टोक त्यांच्या हातात असतं. त्यांचं मनगट दुखतं. सरळ सुयांवर अख्ख्या स्वेटरचा भार हातावर येतो, इथे तो केबलवरून मांडीत पडतो. शिवाय जानेवारीत आमच्याकडे पारा ४-५ अंशांवर उतरतो, तेव्हा पहाटे स्टीलची सुई हातात धरवत नाही. बांबू गार लागत नाही.

मुलांचे स्वेटर यंदा गळ्यापासून खाली, गोल विणले. गोल विणताना सगळ्या ओळी सुलट, उलट टाके फक्त बॉर्डरला. बाजूची शिवण नाही. मध्येच अंगाला लावून बघता येतं, आणि पुढच्या थंडीत पोरं उंच झाली की खालची बॉर्डर उसवून दोन बोटं वाढवता येते. फक्त पहिली फेरी जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही ना, ते नीट बघा. तो नंतर सुधारत नाही, सगळं उसवावं लागतं.

लोकरीचंही सांगते, कारण सुया आणि लोकर वेगळं करता येत नाही. रात्री पाण्यावर जाणारे लोक शेकोटीपाशी बसतात. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं, शुद्ध लोकर सहजासहजी पेटत नाही. म्हणून यांची टोपी आणि स्वेटर शुद्ध लोकरीचा, आणि रोज धुवावे लागणारे मुलांचे कपडे अ‍ॅक्रिलिकचे. बांबूवर अ‍ॅक्रिलिक जरा अडतं, पण टाकेही कमी निसटतात. लोकर मी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आणते. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला आमचा मेळा थंडीतच भरतो, त्यामुळे सोय होते. लागेल तेवढी लोकर एकाच लॉटची एकदम घ्या. नंतर आणलेली लडी रंगात हमखास फसवते.

आता खोडी. पेच ढिले होतात. किल्लीने कितीही आवळा, काही ओळींनी फट पडते आणि त्यात धागा अडकतो. बारीक धाग्याला तर फार त्रास. दर बैठकीला आधी पेच तपासायचा, ही सवयच लावून घ्यावी लागली. केबल डब्यात वेटोळी होऊन आलेली असते, ती गरम पाण्यात बुडवून ओढली की सरळ होते.

नंबरांचा घोळ सगळ्यांत वाईट. टोकांवरचे नंबर अमेरिकन आहेत. त्यांचा ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आपल्या जुन्या सुयांवरचा ८ म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड. आईच्या वहीतले नमुने विणणार असाल तर नंबर विसरून मिलिमीटरच बघा: १० नंबर म्हणजे ३.२५.

शांतपणे एका जागी बसून विणणाऱ्यांनी हा खर्च करू नये, साध्या सुया उत्तम. मलाही आता घ्यायचा झाला तर अख्खा सेट घेणार नाही. ३.२५ आणि ४ मिलिमीटरच्या सुट्या जोड्या, ८० सेंटिमीटरची केबल, आणि बुचं मात्र भरपूर. आधी तीच हरवतात. आमचं एक गोठ्यात पडलं, ते शेणाबरोबर उकिरड्यात गेलं असणार.