जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर: नुसता दिवा, वायरचा गेज की नळीचा?

पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून चालवलेल्या मारुती ८००मध्ये ऑइल प्रेशर कळायला डॅशबोर्डवरचा एक लाल दिवा सोडला तर काही नसतं. प्रेशरचा आकडा दाखवणारा वेगळा गेज बसवावा का, आणि कोणता?

आधी दिव्याचं. इंजिनवरचा स्विच प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) खाली गेल्यावरच दिवा लावतो. गरम इंजिनाला दर हजार आरपीएममागे निदान ०.७ बार हवं, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे ३००० आरपीएमला दोनच्या वर. आता घाट चढताना तेच एक बारवर आलं, तर बेअरिंगला तेल अपुरं पडतंय, पण दिवा विझलेलाच. तो लागतो तेव्हा बहुतेक वेळा नुकसान सुरू झालेलं असतं. तरी दिवा काढू नका. गेजकडे आपण बघू तेव्हाच तो सांगतो, दिवा मात्र नजर ओढून घेतो. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो लागतो ना, हे रोज बघा. लागत नसेल तर बल्ब, वायर किंवा स्विच गेलाय.

वायरच्या गेजला सेंडर लागतो, म्हणजे इंजिनावर बसून दाबाचा संदेश वायरने डायलकडे पाठवणारा भाग. तो स्विचच्या जागी न लावता टी-जोड घालून लावा, म्हणजे दिवाही राहतो. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग आट्यांतून मिळतं. टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली की काटा खोटं सांगू लागतो. स्वस्त सेंडर लवकर बिघडतात. आणि आटे जुळवूनच घ्या. आट्यांची मापं दोन पद्धतींची: जपानी घडणीच्या इंजिनांवर सहसा १/८ बीएसपीटी असतात, बाजारातल्या बऱ्याच गेजना १/८ एनपीटी. दिसायला सारखेच, पण जबरदस्तीने आवळले तर गळती ठरलेली.

नळीच्या गेजमध्ये तेलच डायलपर्यंत येतं, म्हणून आकडा सर्वांत भरवशाचा. पण केबिनच्या पत्र्यातून जाणारी प्लॅस्टिकची नळी घासून फुटली, तर गरम तेल पायांवर येतं आणि इंजिन रिकामं होतं. गॅरेजमध्ये तपासणीसाठी तो उत्तम. गाडीत कायमचा बसवू नये, असं माझं ठाम मत आहे.

गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला चालू दिवा, दर आठवड्याला डिपस्टिकने (तेल मोजायच्या पट्टीने) पातळी बघणं आणि सर्व्हिसिंगच्या वेळी नळीच्या गेजने गरम इंजिनावर एक तपासणी पुरते. वरंधा, आंबेनळी असे घाट नेहमी चढायचे असतील तर दिव्यासोबत वायरचा गेज घ्याच. आपल्या गाडीचा गरम आयडलचा (इंजिन गरम, गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) नेहमीचा आकडा लक्षात ठेवा. तो महिन्यागणिक उतरत गेला, तर नळीच्या गेजने खातरजमा करून मगच मिस्त्रीला इंजिनाला हात लावू द्या.

प्रेशर खरंच कमी निघालं तर जाड ऑइल भरून काटा वर आणायचा सल्ला हमखास मिळेल. त्याने झिजलेलं बेअरिंग भरून येत नाही. आधी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, बघा. दगड किंवा स्पीडब्रेकर लागून तो आत दबला असेल, तर तेल खेचणाऱ्या स्ट्रेनरचं (जाळीचं) तोंड अडतं. स्ट्रेनर गाळाने भरला तरी तेच. ही कामं इंजिन उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

आणि चालत्या गाडीत दिवा लागला तर पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. कडेला घ्या, इंजिन बंद करा, काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. पातळी बरोबर असूनही दिवा लागला असेल तर स्टार्टर मारू नका, गाडी टो करून न्या.