गच्चीवरचा पास रिबाउंडर: आठ महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू, सोलापूर

आधीच सांगून टाकते, मारलेला पास परत पाठवणारा हा रिबाउंडर घेण्यासारखा आहे. पण आपल्याकडे इनलाइन हॉकी (चाकांच्या स्केटवरची) खेळणाऱ्या पोरापोरींना तो कशासाठी घ्यायचा हे माहीत नसलं तर महिन्याभरात तो जिन्याखाली जाऊन पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

जानेवारीत पहिल्यांदा लेहला गेले होते, खऱ्या बर्फावर आइस हॉकी खेळायला. इथे सिमेंटच्या कोर्टवर चार वर्षं इनलाइन खेळलेय, स्केटिंग जमतं, शॉट जमतो, त्यामुळे वाटलं होतं निभावून जाईल. पहिल्या दिवशी मला आलेल्या दहा पासांपैकी सहा सात तरी स्टिकच्या ब्लेडला (खालच्या चपट्या भागाला) लागून टक्कन बाहेर गेले. इनलाइनचा पक (बॉलच्या जागी असते ती चकती) हलका प्लास्टिकचा असतो, खाली बारीक पिना असतात. बर्फावरचा म्हणजे सलग रबराची चकती, 3 इंच व्यास, 1 इंच जाडी, वजन 170 ग्रॅमपर्यंत, आणि तो बर्फावरून येतो तेव्हा वाटेत त्याला अडवणारं काहीच नसतं. तिथल्या एका लडाखी दादाने दोन दिवस बघितलं आणि एवढंच म्हणाला, "पक को मारो मत, आने दो." ते वाक्य डोक्यात घेऊन परत आले आणि फेब्रुवारीत हा रिबाउंडर मागवला.

वस्तू एकदम साधी आहे. तीन फुटी लोखंडी पट्टी, दोन टोकांना दोन उभे खुंट आणि त्यांच्यात ताणून बसवलेला जाड रबरी पट्टा. पक मारला की पट्टा त्याला परत पाठवतो. ऑनलाइन 4,200 ला पडला, बिनानावाच्या खोक्यात आला, आत कागदपत्र काही नाही, ॲलन की पण नाही. ती जवळच्या सायकलवाल्या काकांनी दिली. दुसरा दोष जास्त त्रासदायक होता, आठवडाभरात पट्टा खुंटावर वर वर सरकायला लागला, आणि तो एवढासा जरी वर गेला तरी पक त्याच्या खालच्या कडेला लागून तिरका उडतो. विकणाऱ्याला दोन मेल केले, उत्तर नाही. शेवटी त्याच काकांकडून जुन्या सायकल ट्यूबच्या दोन रिंगा कापून आणल्या आणि खुंटावर पट्ट्याच्या वर घट्ट बसवल्या, तेव्हापासून हललेला नाही. घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून टाका.

खाली गुळगुळीत पृष्ठभाग लागतोच. गच्चीच्या कोब्यावर रबरी पक दोन फूट पण सरकत नाही, उलट कडेवर उभा राहून गडगडत जातो. बाहेर यासाठी शूटिंग पॅड (सरावाचे गुळगुळीत पत्रे) मिळतात पण मोठा पॅड मागवायचा खर्च परवडला नाही, म्हणून कन्ना चौकाकडनं आठ बाय चारचा प्लाय आणि त्यावर पांढरी ग्लॉसी सनमायका चिकटवून घेतली, सगळं मिळून तीन हजाराच्या आसपास. वर कॅरमची पावडर अगदी चिमूटभर टाकून कपड्याने पसरवायची, मग बघा कसा पळतो. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात आहेत, त्यांनी आणलेले सेकंडचे टेरी टॉवेल दुमडून बोर्डाखाली घातले, त्याने बोर्ड सरकत नाही आणि आवाज पण दबतो. आमच्या गल्लीत दिवसभर लूमची खटखट चालू असते तेव्हा माझा पक कुणाच्या कानावर पण जात नाही, पण मी पहाटे सहाला करते आणि तेव्हा लूम बंद असतात. भाऊ अंथरुणातून ओरडायचा, "तायडे, काय करलालीस गं सकाळी सकाळी." टॉवेल घातल्यापासून झोपतो गप.

आता मुद्द्याचं. रिबाउंडरचा गुण हा की तुम्ही जेवढ्या जोरात पाठवाल साधारण त्याच हिशोबाने तो परत देतो, आणि लगेच देतो. आठ फुटाच्या बोर्डावर विचार करायला वेळच मिळत नाही, त्यामुळे हाताची खोड लगेच उघडी पडते. माझी खोड अशी होती की पक येताना दिसला की खालच्या हाताची मूठ आपोआप आवळायची. मूठ आवळली की स्टिक म्हणजे भिंत झाली आणि भिंतीला लागलेली वस्तू परतच जाणार ना. क्रिकेटमध्ये जोराचा कॅच घेताना आपण हात थोडे मागे नेतो, तसंच इथे पक टेकायच्या क्षणी ब्लेड त्याच्याबरोबर वीत दीड वीत मागे न्यायचं, पण पकपेक्षा किंचित हळू. वरचा हात घट्ट, खालचा सैल. आणि वरचा हात पोटाला चिकटवायचा नाही, अंगापासून लांब पुढे ठेवायचा, नाहीतर मागे न्यायला जागाच उरत नाही. मला हे कळायलाच तीन आठवडे लागले कारण मी सगळा वेळ ब्लेडकडे बघत होते आणि अडत होतं कोपरात.

ब्लेडचा कलही तितकाच महत्त्वाचा. वरची कड पकच्या दिशेने जराशी झुकलेली पाहिजे म्हणजे पक तिच्याखाली दबून बसतो. सरळ उभं ठेवलं तर उडतो, जास्त झुकवलं तर कडेलाच आपटतो. मी ब्लेडच्या टेपवर खडू घासून बघितलं, पक कुठे लागतो त्याची खूण उमटते. पहिल्या महिन्यात सगळ्या खुणा टोकाकडे होत्या, आता बऱ्याचशा मधोमध असतात. टेप जुनी होऊन गुळगुळीत झाली असेल तर बदला, नव्या कापडी टेपवर पक खरंच जास्त शांत बसतो.

बॅकहँडसाठी हा रिबाउंडर जास्त कामाला आला. ब्लेडला बाक असतो, फोरहँडला खोलगट बाजू येते, पक आपणहून मधे घुसतो. बॅकहँडला फुगीर बाजू समोर, तिथून तो टोकाकडे निसटतो. भिडूबरोबर प्रॅक्टिस करताना मी लबाडी करायचे, पाय वळवून प्रत्येक पास फोरहँडवर घ्यायचे. इथे एकटीच असल्यावर शंभर बॅकहँड मोजून घेतल्याशिवाय खाली उतरत नाही.

अजून एक, स्केट घालूनच उभं राहा. स्केटवर हनुवटीपर्यंत येणारी स्टिक अनवाणी उभं राहिलं की नाकापर्यंत येते, मग दांडा आडवा होतो आणि ब्लेडचं टोक वर उचललं जातं, आणि आपण चुकीच्याच कोनाची सवय लावून घेतो. बोर्डाच्या बाजूला स्केटवर गुडघे वाकवून उभी राहते मी, पडायची भीती वाटत असेल तर कठड्यापासून लांब बोर्ड लावा.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं. एप्रिल मे मध्ये आपल्याकडे पारा 42 च्या वर जातो, गच्ची तापलेली, आणि रबर गरम झालं की पक जास्त उसळतो. मोठ्या मॅचमध्ये पक आधी गोठवून ठेवतात ते याचसाठी, थंड रबर कमी उसळतं. मी पण तेच केलं, चार पक डब्यात घालून फ्रीजरमध्ये, आळीपाळीने काढायचे. आई आधी चिडली, मग तिनेच डब्यावर "खायचं नाही" असं लिहून ठेवलं. पट्टा मात्र उन्हात ठेवू नका, माझ्या पट्ट्याला मे मध्ये बारीक चिरा पडल्या आणि ताण कमी झाला. आता रोज काढून खाली नेते. पावसात प्लायच्या कडा फुगल्या, तिथे आधीच मेण किंवा ऑइलपेंट लावून घ्यायला पाहिजे होतं.

काय मिळत नाही ते पण ऐका. परत येणारा पास कायम जमिनीला चिकटून आणि समोरूनच येतो. मॅचमध्ये पास मागून येतो, पायात येतो, दुसऱ्याच्या स्टिकवरून उडून गिरक्या घेत येतो. थोडा उपाय म्हणजे कॅरमच्या कडेसारखा तिरका मारायचा, मग तो दुसऱ्या कोनात जातो आणि तिथे दोन पावलं सरकून घ्यायचा. आणि पक पट्ट्याला लागेपर्यंतच्या वेळात मान वर करून समोरच्या टाकीवर ठेवलेल्या बादलीचा रंग बघायचा, भाऊ ती रोज बदलून ठेवतो. पास यायच्या आधी आजूबाजूला कोण आहे ते बघून घ्यायची सवय यातनं लागली. पण चालत्या खेळातला पास शिकायला माणूसच लागतो, तिथे हा काही करू शकत नाही.

2025 च्या जूनमध्ये यूएईतल्या अल ऐनला आपल्या मुलींनी आइस हॉकीच्या आशिया कपचं ब्राँझ आणलं, त्या टीममधल्या बहुतेक जणी लडाखच्या. त्यांना हिवाळ्यात घराजवळ बर्फ मिळतो, आपल्याला मिळत नाही, पण हाताचं काम गच्चीवर होऊ शकतं याची मला आता खात्री आहे.

पाचपैकी चार. एक मार्क पट्ट्याचा आणि न आलेल्या उत्तराचा कापला. जादा पट्टा सोबतच मागवा, सुटा नंतर मिळत नाही, मी दीड महिना शोधतेय. आणि ज्यांना आधी हात लावून बघायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, अक्कलकोट रोडच्या बाजूला असाल तर रविवारी सकाळी या, स्केट आणि स्टिक आपापली आणा, पक माझ्याकडे फ्रीजरमध्ये आहेत.