पाचशे ग्रॅमचा डिजिटल वजनकाटा: अनेक महिन्यांच्या वापरानंतर

कमाल ५०० ग्रॅम भार पेलणारा आणि पडद्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा हा छोटा काटा मी गेले अनेक महिने जवळजवळ रोज वापरत आहे. खरेदी करताना बहुतेकांची नजर ०.०१ या आकड्यावरच ठरते. मात्र काटा किती बारीक टप्प्यांनी वाचन दाखवतो, एवढेच तो आकडा सांगतो. ते वाचन खऱ्या वजनाच्या किती जवळ आहे, हे या काट्याच्या खोक्यावर कोठेही छापलेले नाही.

ते तपासण्यासाठी मी एम१ या अचूकता-वर्गाची १०० आणि २०० ग्रॅमची प्रमाणित वजने वापरली. या वर्गात १०० ग्रॅमच्या वजनात ५ मिलिग्रॅम आणि २०० ग्रॅमच्या वजनात १० मिलिग्रॅमपर्यंतची तफावत ग्राह्य धरली जाते, त्यामुळे अशा काट्यासाठी ती जेमतेम पुरतात. एकच वजन कितीही वेळा उचलून ठेवले तरी वाचन फार तर ०.०१ ग्रॅमने मागेपुढे होते, आणि या किमतीच्या वर्गातील उपकरणाकडून मी एवढ्या सातत्याची अपेक्षा केली नव्हती. खऱ्या मूल्याशी ताडून पाहता मात्र सुरुवातीला २०० ग्रॅमला काही शतांश ग्रॅम कमी दिसत होते, आणि तेही दर वेळी अगदी तेवढेच. कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात वजन ठेवून काट्याचे वाचन त्याच्याशी जुळवून घेणे, केल्यावर ही तूट गेली.

या तुटीचे एक कारण काट्याच्या रचनेतच असू शकते. आतील लोड सेलची धातूची पट्टी भाराने किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत रोध बदलतो आणि त्या बदलाचे रूपांतर ग्रॅममध्ये केले जाते. म्हणजे काटा प्रत्यक्षात बल मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखे नसते. विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३. हा फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे २०० ग्रॅममागे सुमारे एक ग्रॅमचा होतो. म्हणून कारखान्यातील कॅलिब्रेशनवर न विसंबता जेथे काटा वापरायचा तेथेच ते करावे, आणि काटा थंड जागेतून आणला असल्यास तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे.

दैनंदिन वापरात सर्वाधिक त्रास देतो तो आपोआप शून्य सांभाळण्याचा गुण. तापमानामुळे सरकणारे शून्य जागेवर राखण्यासाठी काटा शून्याजवळचे अगदी संथ बदल पुसून टाकतो; परिणामी टेअर करून, म्हणजे रिकामे भांडे ठेवून पडदा शून्यावर आणून, भांड्यात बारीक पूड चिमटीचिमटीने सोडली, तर पूड वाढत जाते आणि पडदा ०.०० वरच अडून बसतो. अशा वेळी मी टेअर करतच नाही. रिकाम्या भांड्याचे वजन लिहून ठेवतो, पूड टाकतो आणि वजाबाकी करतो. थोडे जुन्या वळणाचे वाटेल, पण फसवणूक होत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. वजन तबकडीच्या कडेला ठेवल्यास वाचन मध्यभागापेक्षा थोडे वेगळे येते, आणि काम चालू असताना काटा स्वतःहून बंद झाला की टेअरही पुसले जाते. बॅटरी मात्र चांगली टिकते.

काही दहा ग्रॅमपासून पुढच्या वजनांसाठी हा काटा मी निःशंकपणे सुचवेन. अर्धा ग्रॅम तोलायचा असेल, तर ०.०१ ग्रॅमची चूकसुद्धा दोन टक्क्यांची ठरते, आणि एवढ्या लहान भाराला शून्याचे सरकणे व वाऱ्याची झुळूकही भोवते. अशा कामासाठी मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा, काचेच्या झाकणाचा काटाच घ्यावा.