होडीला इंजिन कुठलं: पेट्रोल, डिझेल की रॉकेल?

मालवणजवळच्या देवबागच्या माझ्या चुलतभावाने फायबरची होडी करायला टाकलीय. सीझनला पर्यटक, एरवी मासेमारी. इंजिनाबद्दल त्याचा प्रश्न एकच, "लिटरला किती जाईल?" माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत होडी झापांखाली पडून असते, तेव्हा टाकीत काय होतं ते आधी बघावं.

पेट्रोलचं आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, हलकं; दोघे जण उचलून घरी नेतात. कर्ली नदीच्या मुखाशी वाळू कुठे सरकेल याचा नेम नाही. तिथे इंजिन वर उचलून पंखा वाचवता येतो, ही फार मोठी सोय. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या जुलैत हवेत पाण्याशिवाय असतं काय! पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि इंधनाची नळी तळातूनच खेचते. एकदा नारळी पौर्णिमेनंतर मी दोरी ओढून ओढून दमलो. शेवटी कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) उघडला तर आत पाणी आणि हिरवट गंज. शिवाय इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच उष्णता असते, म्हणजे मायलेजही थोडं मार खातं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती होडीच्या तळाला साचते आणि विडीच्या एका ठिणगीची वाट बघते.

इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत बसवलेल्या, डिझेलचं तंत्र वेगळं. त्यात स्पार्क प्लग नसतो. हवा १६ ते २० पट दाबली की इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल इंजिन ९-१० पटच दाबतं आणि ठिणगीने पेटवतं, म्हणून तेवढ्याच इंधनात डिझेल जास्त काम देतं. लिटरमागे उष्णताही दहाएक टक्के जास्त, आणि वाफेची भीती खूप कमी. पाणी डिझेलमध्येही शिरतं, पण ते वेगळं तळाशी बसतं. सेपरेटर (पाणी वेगळं करणाऱ्या) फिल्टरचा नळ उघडून काढून टाकायचं. यांत्रिक मासेमारी नौकेला डिझेलवरच्या व्हॅट कराचा परतावा असतो, तरी पंपावर पैसे आधी पूर्ण मोजावे लागतात. वजन मात्र भारी, आणि पंखा कायम पाण्याखाली.

रॉकेलवरचं आऊटबोर्ड पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर घ्यायचं, बंद करण्याआधी परत पेट्रोलवर. हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालू करताना घाम निघेल. शिवाय पर्यटकांच्या होडीत रॉकेलचा धूर आणि वास कोण सहन करणार?

भावाला मी आऊटबोर्ड पेट्रोलच सांगितलं, कारण त्याचं सगळं काम खाडीत आणि किनाऱ्यालगत. रोज बाहेर खोल जाळी टाकायला जाणाऱ्याला डिझेलच सांगितलं असतं. एक अट घातली: ३१ मेला टाकी पूर्ण रिकामी करायची, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवायचं, गोड्या पाण्याने धुवायचं. उरलेलं पेट्रोल मोटरसायकलला.