पासाऊ ते बुडापेस्ट सायकलवर : कंपनीला साडेतीन स्टार, नदीला पाच

जर्मनीतलं पासाऊ ते हंगेरीतलं बुडापेस्ट, मध्ये ऑस्ट्रिया आणि थोडासा स्लोवाकिया, डॅन्यूबच्या काठाकाठाने सहाशेच्या वर किलोमीटर, बारा दिवस, मी आणि नवरा. गाइड नसतो. कंपनी सायकल देते, हॉटेलं बुक करते, बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवते, आपण फक्त पॅडल मारायचं. नाव लिहीत नाही, एका संध्याकाळवरून कोणाचं दुकान कशाला बसवा.

सायकल दणकट, सात गिअर, पण ब्रेक मात्र पॅडलमध्ये! उलटं पॅडल मारलं की मागचं चाक जाम. आपल्याला लहानपणापासून उतारावर उलटं पॅडल फिरवत कर्रकर्र आवाज काढायची सवय, पासाऊतच पहिल्या उताराला मी तेच केलं, सायकल जागच्या जागी थांबली आणि मागून येणारा नवरा थेट माझ्या कॅरियरवर. ढोपर सोललं त्याचं, बोलणी मी खाल्ली. सिग्नलवरून निघतानाही पॅडल मागे फिरवून वर आणता येत नाही, कॅरियर धरून मागचं चाक उचलायचं, मग पॅडल फिरवायचं. चार दिवसांनी सवय झाली. बुकिंग करताना हे कोणीच सांगितलं नव्हतं, तुम्ही आधीच साधी फ्रीव्हील, म्हणजे उलटं पॅडल नुसतं फिरतं ती सायकल, मागून घ्या.

पासाऊला टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, २०१३ ची पाहायला मान वर करावी लागते आणि १५०१ ची त्याच्याही वर. आम्ही सांगलीचे, पूररेषा दिसली की पाय आपोआप थांबतात, तिथेच अर्धा तास गेला.

व्हिएन्नापर्यंत रस्ता म्हणजे लोणी. बहुतेक ठिकाणी गाड्या नाहीत, पाट्या इतक्या की कंपनीचं ॲप मी तिसऱ्या दिवशी बंदच केलं. काठाला किलोमीटरचे बोर्ड आहेत, पण नदीच्या मुखापासून मोजलेले, म्हणून आपण पुढे जातो आणि आकडा कमी होत जातो, पासाऊला २२२५ च्या आसपास, बुडापेस्टला १६५० च्या जवळ. दमल्यावर उलटी मोजणी फार बरी वाटते. श्ल्योगेनला नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलट दिशेला फिरते, तिथे छोट्या फेरीबोटीत सायकली चढवून जायची मजा वेगळीच.

वाखाउ भागात जर्दाळूच्या बागा. मारिलेनक्न्योडेल खाच, अख्खा जर्दाळू पिठाच्या गोळ्यात घालून उकडायचा आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचा, मोदकाचा लांबचा मावसभाऊ. दोन खाल्ल्यावर सायकलवर बसवत नाही पण.

आता ती संध्याकाळ. दिवसभर पाऊस, हॉटेलात पोचलो तर बॅगा नाहीत. फोन केला की "ड्रायव्हर वाटेत आहे". त्यात रविवार, ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, म्हणजे कोरडा टीशर्टसुद्धा विकत मिळेना. टॉवेल गुंडाळून खोलीत बसलो आणि रात्रीचं जेवण म्हणजे सॅडलबॅगेतला चिवडा. बॅगा साडेनऊला आल्या. सॉरी म्हणाले, पैसे काही परत दिले नाहीत. तेव्हापासून एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत सायकलवरच ठेवला.

ब्रातिस्लावाला जाताना सीमा कधी ओलांडली तेच कळलं नाही, पाटी दिसली तेवढीच. हंगेरीत मात्र मजा कमी होते, बऱ्याच ठिकाणी सायकलचा रस्ता संपतो आणि गाड्यांमधून जावं लागतं, त्यात दोन दिवस समोरून वारा. इथे ॲपची खरी गरज होती आणि इथेच ते ॲप आम्हाला एका शेतात घेऊन गेलं.

पहिल्यांदा जाताय तर फक्त पासाऊ ते व्हिएन्ना करा, साधारण सव्वातीनशे किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीतच, पासष्टीचे आजीआजोबा आम्हाला घंटी वाजवून ओव्हरटेक करत होते. बॅगा पोचवायचे पैसे द्या, हॉटेलं स्वतः बुक करा. आणि पॅडिंगवाली शॉर्ट्स इथूनच दोन घेऊन जा, आम्ही एकेकच नेली होती आणि ती रात्रीत वाळत नाही.