शहापूरचं भाकरी केंद्र : नव्यानं शुगर निघालेल्यांनी काय घ्यावं, काय सोडावं

बेळगावात शहापूरच्या खडेबाजारातून आत वळलं की एका बोळात जोंधळ्याच्या भाकरीचं केंद्र आहे. पाटी कन्नडमध्ये, गिऱ्हाईक निम्मं मराठी. गरम मऊ भाकरी 12 रुपये, कडक भाकरीची दहाची थप्पी 100 रुपये. सोबत शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, मुगाची उसळ, भरलं वांगं, आणि दुपारी ताट. उन्हाळ्यात माझी एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, 8.4 टक्के आली. 6.5 किंवा त्याच्या वर गेली की मधुमेह धरतात. तेव्हापासून मी इथली कायमची गिऱ्हाईक झाले, म्हणून ज्यांना नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी भाकरीबद्दल. पीठ रोजच्या रोज दळलेलं असतं आणि गरम पाण्यात मळतात. भाकरी थापणाऱ्या अक्कांचा हात बघत राहावा असा आहे. गोळा फिरत फिरत मोठा होतो, पण कडेला कुठं चीर जात नाही. तव्यावर टाकली की ओल्या फडक्यानं वरून पाणी फिरवायचं, ते सुकत आलं की उलटायची, मग थेट जाळावर धरायची, टम्म फुगेपर्यंत. कडक भाकरी मात्र तव्यावर फडक्यानं दाबत दाबत पापडासारखी वाळवतात. ती डब्यात कित्येक दिवस टिकते. सकाळी सातला शाळेला निघणाऱ्या माझ्यासारखीला याचा मोठाच आधार आहे.

पण मला हे दुकान आवडतं ते दुसऱ्याच कारणानं. इथली प्रत्येक भाकरी सारखी असते. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "बाई, एक किलो पिठाच्या पंचवीस होतात, एक कमी नाही, एक जास्त नाही." म्हणजे एका भाकरीला 40 ग्रॅम पीठ, आणि त्यात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ज्याची पोटात साखर होते तो भाग. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातही जवळपास तेवढीच असतात. आम्ही येळ्ळूरकडची माणसं, घरचा बासमती, दोन्ही वेळा भात. ताटात भात किती पडतो हे कुणी मोजत नाही, आमटी उरली की परत थोडा घेतला जातो. भाकरी दोन म्हटली की दोनच. माझ्या आहारतज्ज्ञ ताईंनी जेवणाला जेवढं धान्य सांगितलंय, ते इथल्या दोन भाकरीत नेमकं बसतं.

घरच्या साखर मोजायच्या मशीनवर बघूनच सांगते. जेवणाचा पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, हात साबणानं धुऊन, बोटाच्या टोकाला न टोचता बाजूला टोचून. नेहमीसारखा भात जेवले त्या दुपारी साखर 241 (मिलिग्रॅम/डेसिलिटर). दोन भाकरी, उसळ, वांगं आणि ताटभर कच्ची मेथी, मुळा, कांदा, त्या दुपारी 168. माझ्या डॉक्टरांनी 180 च्या आत ठेवायला सांगितलंय. एका आकड्यावर मात्र कुणी विसंबू नये, घरचं मशीन प्रयोगशाळेपेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं दाखवू शकतं. पण पुन्हा पुन्हा बघितलं तरी फरक त्याच बाजूचा येतो. जेवून कपिलेश्वराच्या देवळाच्या दिशेनं दहा-पंधरा मिनिटं चालले तर आणखी चांगला.

आता तक्रार. दुकानात एक कागद चिकटवलाय, 'शुगर पेशंटांनी पोटभर खा'. तो काढायला हवा. जोंधळ्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, असतंच आणि त्याची साखरच होते. कोंड्यासकट दळलेलं पीठ असल्यानं ती जरा सावकाश चढते, एवढंच. माझ्यासमोर एक काका तो कागद वाचून पाचवी भाकरी मागत होते, मला राहवलं नाही, मी बोलले. अक्कांनी ऐकून घेतलं, कागद अजून तिथंच आहे.

दुपारचं ताट मी घेत नाही. त्यात वर भात येतो, आमटीत गूळ असतो आणि सणावाराला वाटीत कुंदा, म्हणजे खव्याची मिठाई, ठेवतात. सुटं घ्यावं. उसळ दोन वाट्या मागितल्या तरी हसतमुखानं देतात, फक्त गुळाशिवायची हवी असं आधी सांगायचं, फोडणी वेगळी करून मिळते. भरल्या वांग्यात शेंगाचं कूट भरपूर, तेल तरंगतं, वरचं तेल बाजूला करून घ्या. चटण्यांत मीठ चढं आहे, रक्तदाब असणाऱ्यांनी चमचाभरच.

एक काळजीची गोष्ट. ज्यांना ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी डॉक्टरांना न विचारता भात-भाकरी एकदम कमी करू नये. साखर 70 च्या खाली गेली तर घाम, थरथर, चक्कर सुरू होते. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मला सध्या शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळीच आहे, ती जेवणासोबत घेते.

संध्याकाळी सहानंतर रांग लागते आणि मऊ भाकरी संपते. साडेपाचला गेलं तर चुलीवरची मिळते. रविवारी दुपारनंतर बंद. सुटे पैसे न्या, आणि कच्ची मेथी बाहेरच्या भाजीवालीकडून घ्या, तिची जुडी ताजी असते.